'भोगी' शब्दाचा विचार

॥ श्रीचक्रधराय नमः ॥

काही वर्षांपूर्वी वऱ्हाडातील एका गावी श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायावर निरूपण करण्याचा योग आला होता. दैवी आणि आसुरी संपत्तीचा विषय. वक्त्याला हा अध्याय सोपा वाटतो, कारण यात दोषांची यादी आयती मिळते आणि श्रोतेही शेजाऱ्याकडे पाहून माना डोलवितात. अकराव्या श्लोकातील 'कामोपभोगपरमाः' या पदाचा अर्थ मी 'भोगी लोक' असा केला, आणि पुढे तीन दिवस तोच शब्द हाती धरून बोलत राहिलो. भोगी माणूस असा, भोग्याची गती अशी, भोग्याला ज्ञानाचा अधिकार नाही, इत्यादी.

पुढील खेपेस त्याच गावी गेलो तेव्हा एक वृद्ध वासनिक बाई भेटावयास आल्या. दंडवत घालून बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बाबा, मागल्या वक्ताला तुम्ही सांगितलं का भोगी माणसाला देव नाही. मी तं जन्मभर भोगूनच राह्यली. मालक गेले, लेक गेला, डोये गेले. म्हणून मग मी येनं सोडलं." दोन महिने त्या बाई स्थानवंदनास आल्या नव्हत्या, पंगतीत बसल्या नव्हत्या, प्रसादवंदनही त्यांनी टाकले होते. आपणच त्या श्लोकातल्या आहोत, अशी त्यांची समजूत झाली होती.

ही समजूत चुकीची होती. पण चूक बाईंची नव्हती, माझी होती. त्यांनी मराठी शब्द मराठीतच ऐकला. मी मात्र संस्कृत शब्द मराठीत उच्चारला आणि दोन्ही एकच आहेत असे मानून चाललो. आचार्य श्रीनागदेव यांनी केशोबासांना संस्कृतात रचना करण्यापासून का परावृत्त केले, हे पाठशाळेत आपण सगळेच शिकतो. माझ्या म्हाताऱ्या त्यामुळे नाडल्या जातील, अशी त्यांची चिंता होती. म्हाताऱ्या मराठी शब्दानेही नाडल्या जाऊ शकतात, ही गोष्ट मात्र मला त्या दिवशी कळली. म्हणून या एका शब्दाचा विचार सविस्तर करावा असे मनात होते. तो येथे मांडीत आहे.

प्रथम धातू पाहू. धातुपाठात 'भुज्' हा धातू दोन ठिकाणी येतो. एक तुदादि गणातील, वाकडेपणा या अर्थाचा. त्यापासून वाकणारा तो भुज म्हणजे बाहू, आणि वाकडा चालणारा तो भुजंग. दुसरा रुधादि गणातील, त्याचे अर्थ दोन : पालन करणे आणि खाणे. सर्पाला 'भोगी' म्हणतात ते पहिल्या धातूकडे पाहून. सर्पाचे वेटोळे किंवा फणा म्हणजे 'भोग', आणि तो ज्याला आहे तो भोगी. अमरकोशात भोग शब्दाला सुख हा अर्थ आहे, स्त्री आदींना द्यावयाचे वेतन हा अर्थ आहे आणि सर्पाची फणा व शरीर हाही आहे. पुष्कळ प्रवचनकार 'भोगी म्हणजे सर्प, म्हणून विषयी मनुष्य सर्पासारखा' अशी कोटी करतात. सभेत ती रंगते. मीही केलेली आहे. परंतु ही दोन वेगळ्या धातूंची गाठ आहे, हे जाणून मग करावयाची तर करावी.

आपल्या विषयाला उपयोगी तो दुसरा धातू. पालन आणि भक्षण हे दोन अर्थ एका धातूला कसे चिकटले, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. पाणिनींनी त्यांची वाटणी मोठ्या नेमकेपणाने केली आहे. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील सहासष्टावे सूत्र सांगते की, रक्षण हा अर्थ नसेल तेथे भुज् धातू आत्मनेपदी चालतो. म्हणजे राजा पृथ्वीचे पालन करतो तेव्हा 'भुनक्ति', आणि तीच पृथ्वी उपभोगतो तेव्हा 'भुङ्क्ते'. धातू तोच, पृथ्वी तीच, राजाही तोच. पद मात्र बदलते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जिंकलास तर पृथ्वी भोगशील असे भगवंत अर्जुनाला म्हणतात तेथील क्रियापद आत्मनेपदी आहे, आणि अकराव्या अध्यायात समृद्ध राज्य भोग असे म्हणतात तेथेही आत्मनेपदच आहे. अर्जुनाने पहिल्या अध्यायात 'भोग घेऊन काय करायचे' असे जे विचारले, त्याच शब्दात त्याच्याशी बोलणे चालू आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या श्लोकांची संगती लागते.

राज्य आणि भोग यांचा हा संबंध केवळ व्याकरणापुरता नाही. ऐतरेय ब्राह्मणात दक्षिणेकडील सत्वतांच्या राजांना 'भोज' ही संज्ञा सांगितली आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात भोजांचा उल्लेख येतो. कोकणात कुडे येथील लेण्यांत 'महाभोज' हे पद कोरलेले आहे. आपल्या वऱ्हाडाचा एक भाग वाकाटकांच्या काळी 'भोजकट' या नावाने ओळखला जाई. द्वितीय प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात ते नाव आहे. तात्पर्य, जमीन ज्याच्या ताब्यात तो भोगणारा, ही कल्पना या भूमीत फार जुनी आहे आणि ती अजूनही मेलेली नाही. शेतकरी वाचकांना सातबाराचा उतारा पाठ असतो. त्यावर 'भोगवटादार' हा शब्द असतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत भोगवटादारांचे वर्ग सांगितले आहेत. वर्ग १ चा भोगवटादार जमीन विकू शकतो. वर्ग २ चा ती कसतो, पीक घेतो, पण सरकारच्या परवानगीवाचून तिचे हस्तांतर करू शकत नाही. तलाठ्याच्या दप्तरात 'भोग' म्हणजे मौजमजा नव्हे. भोग म्हणजे ताबा.

आता प्रत्ययाकडे वळू, कारण खरी किल्ली तेथे आहे. 'भोक्ता' आणि 'भोगी' हे शब्द आपण एकासाठी दुसरा असे वापरतो. भोक्ता हा तृच् प्रत्ययान्त : भोगण्याची क्रिया करणारा, एवढेच. त्यात निंदा नाही, स्तुती नाही. 'भोगी' मात्र 'भोग' या नामाला इनि प्रत्यय लागून होतो : भोग ज्याचा आहे, ज्याच्यापाशी आहे तो. धनी म्हणजे ज्याचे धन आहे तो, तसा.

येथे कोणी म्हणेल, मग त्यागी आणि योगी हेही तसेच इन्-अन्त शब्द आहेत. दिसावयास तसेच आहेत, पण तसे नाहीत. तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात एकशे बेचाळिसावे सूत्र आहे. त्यात धातूंची एक लांबलचक माळ दिली असून त्यांना स्वभाव, धर्म किंवा ते काम उत्तम करणे या अर्थी 'घिनुण्' प्रत्यय सांगितला आहे. त्या माळेत युज् आहे, म्हणून योगी. त्यज् आहे, म्हणून त्यागी. रञ्ज् आहे, म्हणून रागी. द्विष् आणि द्रुह् आहेत, म्हणून द्वेषी आणि द्रोही. भुज् त्या माळेत नाही. आम्हांला व्याकरण शिकविणारे गुरुजी ही माळ पाठ करवून घेत, आणि तेव्हा ती कंटाळवाणी वाटे. परंतु तिच्यातून निघणारा भेद पाहावा : त्यागी हा स्वभावाने त्यागी असतो, त्याच्यापाशी 'त्याग' नावाची वस्तू असते म्हणून नव्हे. भोगी हा मालकीने भोगी असतो.

गीतेत भुज् धातूची रूपे वीसपेक्षा अधिक ठिकाणी आली आहेत. 'भोगी' हे रूप मात्र एकदाच येते, सोळाव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात. तेही भगवंत कोणाचे वर्णन करताना वापरीत नाहीत. आसुरी मनुष्याच्या तोंडी ते घातलेले आहे. तो स्वतःच स्वतःला भोगी म्हणवितो, आणि अभिमानाने म्हणवितो. त्याच्या भाषणातील पदांचा क्रम पाहण्याजोगा आहे. आधी ईश्वर, मग भोगी, मग सिद्ध, बलवान् आणि सर्वांत शेवटी सुखी. 'सुखी' हे पद निराळे आले आहे. याचा अर्थ 'भोगी' या पदाने त्याला सुखी म्हणावयाचे नाही. 'भोगी' हे 'ईश्वर' या पदाला लागून आले आहे. मागच्या श्लोकात हे मी आज मिळविले, हे धन माझे आहे, तेही माझे होईल असे तो म्हणून चुकला आहे. म्हणजे येथे भोगी हा जिभेचा किंवा शय्येचा लोभी मनुष्य एवढाच अर्थ नाही. 'हे सगळे माझ्या ताब्यात आहे' असे म्हणणारा तो भोगी. पुढच्या श्लोकात हाच मनुष्य मी यज्ञ करीन, मी दान देईन असेही म्हणतो. दान आसुरी वृत्तीच्या यादीत कसे आले, असा प्रश्न दाते मंडळी विचारतात. आश्रमाच्या फरशीवर आपल्या नावाचा दगड केवढा असावा यावरून झालेला एक वाद मी पाहिला आहे. तेव्हापासून या श्लोकावर वेगळे भाष्य करण्याची गरज मला वाटत नाही.

सुखामागे धावणाऱ्या लोकांसाठी भगवंतांनी स्वतः जे पद योजिले ते 'कामोपभोगपरमाः', आणि त्यातील दोष 'उपभोग' या अंशात नसून 'परम' या अंशात आहे. कामोपभोग हेच अंतिम, यापलीकडे काही नाही, असा ज्यांचा निश्चय झालेला आहे ते. श्लोकाच्या शेवटी तो निश्चय स्पष्ट शब्दांत सांगितलाच आहे. जेवणारा, गोडधोड खाणारा, लेकराबाळांत रमणारा मनुष्य या पदात बसत नाही. उलट, दुसऱ्या अध्यायात 'भोगैश्वर्य' हा शब्द ज्यांच्यासाठी आला ते लोक दारूच्या गुत्त्यावरचे नव्हेत. ते वेदवादात रमलेले, स्वर्गासाठी क्रियाकर्मे करणारे, चांगले सोवळ्यातले लोक आहेत. नवव्या अध्यायातही स्वर्गात जाऊन देवांचे भोग भोगणारे आणि पुण्य सरल्यावर पुन्हा मर्त्यलोकी येणारे तेच.

या ठिकाणी आपल्या शास्त्राचा विचार फार उपयोगी पडतो. जीव हा बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध, प्रपंच अनित्य आणि परमेश्वर नित्यमुक्त. देवतांची फळे ती देवतांच्या मर्यादेतलीच असणार. स्वर्गही भोग आणि नरकही भोग. भोक्तृत्व जीवाला दोन्हीकडे आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायातही सुखदुःखांच्या भोक्तृत्वाला पुरुष हेतू आहे असे सांगितले आहे; केवळ सुखांच्या नव्हे. म्हणजे संसरणात पडलेला प्रत्येक जीव भोक्ता आहे. मी आहे, वाचक आहेत, गादीवरचे महंत आहेत आणि त्या वृद्ध बाईही आहेत. भोक्ता असणे हा दोष नव्हे, ती जीवाची अवस्था आहे. भोगी असणे हा त्या अवस्थेवर जीवाने केलेला दावा आहे. सातबाराच्या भाषेत सांगावयाचे तर आपण सगळे वर्ग २ चे भोगवटादार. भोगी तो, जो स्वतःला वर्ग १ चा समजून बसला.

आता मराठीकडे येऊ. मराठीने या शब्दाचे जे केले ते मला विलक्षण वाटते. संस्कृतात 'भोग' म्हटले की सुखाकडे कल. मराठीत नुसते 'भोग' म्हटले की दुःखाकडे. 'माझे भोग', 'भोग सरले', 'भोगतोय बिचारा', 'कर्मभोग चुकत नाही' : यांपैकी एकाही प्रयोगात सुखाचा लेश नाही. जन्मठेप 'भोगतात', आजार 'भोगतात', सासुरवास 'भोगतात'. पाचव्या अध्यायात इंद्रियस्पर्शातून उत्पन्न होणारे भोग हे दुःखाचे उगमस्थान आहेत, त्यांना आदि आणि अंत आहे असे सांगितले आहे. गीतेने सिद्धान्त म्हणून जे मांडले ते मराठी बायाबापड्यांनी शब्दाच्या अर्थातच मुरवून टाकले. हे कोणत्या पंडिताने शिकविले असेल असे वाटत नाही.

मराठीत सुखाचा अर्थही अगदी नाहीसा झालेला नाही. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवसाला 'भोगी' म्हणतात. त्या दिवसाच्या देवतापूजनाशी आपल्याला कर्तव्य नाही. पण तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, वांगी, गाजर, वालाच्या शेंगा असे शेतात नवे आलेले सर्व घालून केलेली भाजी घरोघर होते. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण लहानपणी सर्वांनी ऐकली आहे. येथे भोगी म्हणजे खाणेच; धातूचा मूळ अर्थ जसाच्या तसा. पाणिनींनी खाण्यायोग्य ते 'भोज्य' आणि इतर भोगण्यायोग्य ते 'भोग्य' असा भेद केला आहे. भोगीची भाजी ही भोज्य आहे, तिला घाबरण्याचे कारण नाही.

मग सुखासीन, मौजी मनुष्याला मराठी काय म्हणते? त्यासाठी आपण बहुतेक शब्द बाहेरून आणले आहेत. 'शौकीन' मधील शौक अरबी. मूळ अर्थ ओढ, उत्कंठा. 'ऐषारामी' मधील ऐश अरबी आणि आराम फारसी. ऐश म्हणजे मुळात नुसते जगणे. 'विलासी' हा संस्कृत, त्याच्या धातूत चमकणे आणि खेळणे आहे. 'रंगेल', 'चैनी', 'छंदीफंदी', 'खुशालचेंडू' हे बोलीतले. यांतील प्रत्येक शब्दाचा रंग निराळा आहे. खुशालचेंडूवर आपण रागावतो, पण हसूनही सोडतो. रंगेल म्हटले की घरच्या बाईच्या डोळ्यांतले पाणी आठवते. प्रवचनात नेमके जे म्हणावयाचे असेल त्यासाठी नेमका शब्द हाताशी असताना सर्वांवर 'भोगी' हा एकच शिक्का मारणे, हा आळस आहे.

या आळसाचे आणखी एक रूप आपल्यात रूढ झाले आहे आणि त्याविषयी लिहिताना मला संकोच वाटत नाही. 'आम्ही त्यागी, तुम्ही भोगी' अशी भाषा काही भिक्षुक वासनिकांपुढे सहज बोलून जातात, आणि वासनिकही नम्रतेने 'आम्ही काय, भोगी माणसं' असे म्हणतात. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक अशी चार साधने आपल्याकडे सांगितली आहेत. ज्याला साधनांत गणले त्याला आसुरी मनुष्याच्या तोंडचे विशेषण लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? घरदार सोडले म्हणजे भोग सुटतो असेही नाही. गीतेत स्पष्ट सांगितले आहे की निराहारी माणसाचे विषय निवर्ततात, पण रस राहतो. भिक्षेच्या झोळीत कोणत्या घरचे अन्न आले हे पाहणारी जीभ, निरूपणाला किती मंडळी जमली हे मोजणारे डोळे, 'माझे शिष्य', 'माझा आश्रम' हे शब्द : यांत ताबा आहे की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे. अठराव्या अध्यायात त्यागी कोणास म्हणावे हे सांगताना कर्मफलाचा त्याग करणारा असे म्हटले आहे. वस्त्राचा उल्लेख तेथे नाही.

लीळाचरित्राच्या एकांकात हरिपाळदेवाच्या द्यूताची लीळा सर्वांना ठाऊक आहे. प्रधानाच्या घरचे ऐश्वर्य, जुव्यात हार, आणि कमळाइसांनी अलंकार देण्यास दिलेला नकार. पुढे रामयात्रेचे निमित्त होऊन प्रभू घराबाहेर पडले ते रिद्धपुरास श्रीप्रभूंच्या दर्शनापर्यंत. सामान्य वाचक यात एका विलासी राजपुरुषाला झालेला वैराग्याचा उदय पाहतो. आपण तसे म्हणत नाही. अवताराची ती प्रवृत्ती, निमित्त करून स्वीकारलेली. परंतु शब्दाच्या दृष्टीने त्या लीळेत एक गोष्ट दिसते. नकार आला तेव्हा त्या अलंकारांवर प्रभूंनी हक्क सांगितला नाही. 'माझे आहे, दे' हे वाक्य तेथे नाही. ऐश्वर्यात असूनही 'भोगी' हा शब्द का लागू होत नाही, हे दाखविण्यास दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण नरेंद्रकवींच्या आख्यायिकेत आहे. त्यांचे रुक्मिणीस्वयंवर ऐकून रामदेवरायाने ते आपल्या नावावर करून मागितले आणि त्याबद्दल सुवर्ण देऊ केले, असे परंपरा सांगते. राजाला काव्य ऐकावयास मिळालेच होते. रस त्याने घेतलाच होता. ऐकण्याने तो भोक्ता झाला. नावावर करून मागितले तेव्हा भोगी झाला.

त्या वृद्ध बाईंना मी यातले व्याकरण सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "आई, तो शब्द मी चुकीचा वापरला. श्लोकात आहे तो माणूस वेगळा. तो 'सगळं माझं' म्हणणारा आहे. तुम्ही भोगलंत ते भोग, आणि ते भोगणारा जीव देवाला वर्ज्य नाही." त्यांनी विचारले, "मग श्लोकातल्याले काय म्हनाव?" तेव्हा मला लगेच उत्तर सुचले नाही. आता अकराव्या श्लोकासाठी मी 'भोगालाच सर्वस्व मानणारे' असे म्हणतो. तेराव्या अध्यायात 'भोक्ता' तसाच ठेवतो आणि 'सोसणारा व घेणारा' असे दोन शब्द जोडून सांगतो. चौदाव्या श्लोकातील 'भोगी' साठी मात्र 'मालक' हा शब्द योजून पाहिला, पण वऱ्हाडात बायका नवऱ्याला मालक म्हणतात, आणि त्या बाईंनीही पहिल्याच वाक्यात तो शब्द त्याच अर्थी वापरला होता. तेव्हा तोही सोडून दिला. सध्या 'धनीपणा मिरविणारा' असे म्हणून वेळ निभावून नेतो. निरूपण करणाऱ्या महात्म्यांपैकी कोणाला याहून बरा, म्हाताऱ्यांना न दुखविणारा शब्द सापडला असल्यास त्यांनी तो अवश्य कळवावा.